अर्ध्या दिवसाची सावड

ओडेन्सेजवळ, डेन्मार्क
२२ ऑगस्ट २०२४

आत्या गं,

पोचले बाई एकदाची. फोनच करणार होते, पण तुला फोनवर 'हॅलो' सोडून काही ऐकू येत नाही आणि मग तू माझ्यावरच ओरडतेस. म्हणून हे पत्र. शेजारच्या कल्याणदादाच्या मोबाईलवर पाठवतेय, त्याला म्हणावं दुकानात प्रिंट काढ आणि न वाचता दे. (कल्याणदादा, वाचतोयस ना? लाज वाटू दे जरा.) तूही कागदावर लिही, तो फोटो काढून पाठवेल. ज्या संस्थेनं मला इथं वर्षभर शिकायला आणलंय ना, त्यांनीही सांगितलंय की सुरुवातीला घरी सारखे फोन करू नका, मग मन इकडे लागत नाही.

मी ज्यांच्या घरी राहते ती इंगे आणि लार्स. इंगे बस चालवते, आत्या! ड्रायव्हर आहे. दोन डबे जोडलेली लांबच लांब बस, आणि ही एका हातानं वळवते. लार्स लायब्ररीत आहे, घरचा स्वयंपाक बहुतेक तोच करतो. त्यांची मुलगी सिने माझ्याच वयाची, ती यंदा ब्राझीलला शिकायला गेलीय, तिथल्या एका कुटुंबात राहते. मी तिच्या खोलीत. जाताना तिनं कपाटाचा एक कप्पा रिकामा करून त्यावर 'तुझा' अशी चिठ्ठी लावून ठेवली होती. मला भरूनच आलं.

सगळे फार चांगले आहेत. अडचण माझीच आहे. मी नुसती बसून असते. ही माणसं मला ठेवायचे पैसे घेत नाहीत, ओळख ना पाळख, आणि मी आयतं ताटावर बसते. पप्पा म्हणतात, 'तू अभ्यास कर, बाकी विचार करू नको.' नगरला सावेडीतल्या फ्लॅटमध्ये बसून त्यांना काय कळणार? दर जुलैत मी तुझ्याकडे भाताच्या आवणीला येते, तेव्हा तू मला दोन मिनिटं तरी बसू देतेस का? तूच सांग, इथं कशी राहू?

तुझी,
प्रवरा


वाडी, राजूर
५ सप्टेंबर

चि. प्रवरा, आत्याचा गालावरून हात.

तुझं पत्र कल्यानने आधी वाचलं, मंग मला दिलं. त्याला लाज न्हाई, ते सोड.

आगं येडे, एवढी शिकलीस आन तुला कळंना व्हय? तू सावडीला गेलीयस! आवणीला आपन काय करतो? भाताची रोपं लावायची म्हंजी एकट्या बाईचं काम न्हाई. म्हनून आज सारी माझ्या खाचरात, उद्या रंगनाथच्या, परवा गोरक्षनाथच्या. मजुरी न्हाई, काय न्हाई. तू माझ्यात राब, मी तुझ्यात राबते. तसंच हे. त्यांची पोर ब्राझीलवाल्यांच्या घरी, तू त्यांच्या घरी, उद्या कुनाची तरी पोर आपल्या घरी येईल. फिरती सावड हाय ही. तुझ्या बापाला इंग्रजीत समजलं न्हाई ते मला मराठीत समजलं.

आता सावडीला गेलेल्यानं कसं वागायचं ते ऐक. घरधनिनीच्या आधी चिखलात उतरायचं. बांधावर बसायचं न्हाई. काम सांगायची वाट बघायची न्हाई. घरधनीन 'राहू द्या, राहू द्या' म्हनतीच. तिला तसं म्हनावंच लागतं. आपन हसायचं आन करायचं. आन आखरीला, सगळी हातपाय धुवून निघाली की आपन अर्धा दिवस जादा राबायचं. का? तर बरोबरीत सोडली की सावड तिथंच मिटती. अर्धा दिवस जादा केला की समोरच्यावर राहतं, पुन्ना जानं-येनं हुतं. तुझे मामा, माझे मालक, हे लई पाळायचे. ते गेल्यापासून माझं वरचं खाचर पडीक हाय बघ. हात पुरत न्हाईत. पन सावडीची बोलावनी अजून येत्यात, ती त्यांनी जादा राबलेल्या अर्ध्या अर्ध्या दिवसांमुळं.

तवा आमची मान खाली जाईल असं वागू नको. बसून खाऊ नको.

तुझी मालनआत्या


ओडेन्सेजवळ
१७ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशीच स्वेटरच्या बाह्या वर सारल्या. आता ऐक माझा पराक्रम.

अंगणातली पानं मी गोळा करते. इथली पानगळ म्हणजे काय सांगू, संध्याकाळी साफ केलेलं अंगण सकाळी पुन्हा भरलेलं. घर तापवायला लोखंडी शेगडी आहे, तिची लाकडं मी फोडते. तुझ्याकडे शिकलेली कुऱ्हाड कामाला आली. भांडी धुवायचं मशीन आहे, पण मी हातानंच लख्ख घासून ठेवते. इंगे पहाटे बसवर निघते तेव्हा तिचा डबा भरून तयार असतो. लार्स कपडे धुवायला टाकतो आणि बिचारा ते काढायला येतो तर सगळ्या घड्या झालेल्या!

इंगे रोज म्हणते, 'प्रवरा, तू हे नाही केलंस तरी चालेल.' मी हसते आणि करते. अगदी तू म्हणाली होतीस तस्सं.

आणि आत्या, या माणसांसाठी कितीही केलं तरी कमीच वाटतं. परवा मी इंगेच्याच बसमधून शाळेतून येत होते. एक आजोबा उतरले, हातात चाकांचा वॉकर, बाहेर निसरडं. इंगेनं बस थांबवली, खाली उतरली, त्यांना धरून पार त्यांच्या दारापर्यंत नेलं, किल्ली लावून दिली, मग सावकाश परत आली. भरलेली बस तोवर तशीच उभी. एकानंही 'चला, चला' केलं नाही! मला इतका अभिमान वाटला, जणू माझीच आई बस चालवतेय. आणि लार्स? मी एकदा सहज पिठलं म्हणाले, तर त्यानं व्हिडिओ बघून केलं. नुसत्या गुठळ्या. मी दोनदा वाढून घेतलं.

प्रवरा


वाडी, राजूर
९ नोव्हेंबर

चि. प्रवरा,

शाब्बास! भात कापनीला आलेल्या साऱ्या बायांना तुझं पत्र वाचून दावलं. रंगनाथ म्हनतो, पोरगी मालनबाईच्या हाताखालची, फिरंगी लोकं बी बघत राहतील. मी म्हनलं, मंग काय तर!

तुझ्या इंगेला म्हनावं, ती दोन डब्यांची बस आमच्या घाटात आनून दाव, मंग मानते. न्हाई, खोटं कशाला बोलू, आत्ताच मानलं. ते म्हाताऱ्याचं वाचलं आन माझा हात थांबला. तुझे मामा आजारी असताना आमी एसटीनं तालुक्याला, अकोल्याच्या दवाखान्यात जायचो. एक कंडक्टर हुता, रोज त्यांना धरून उतरवायचा. नाव बी म्हाईत न्हाई त्याचं. ही बाई आपल्यातलीच हाय बघ. तिच्यासाठी राबताना हात आखडू नको. त्यांचा सन आला की सारं घर धुवून पुसून काढ.

मालनआत्या


ओडेन्सेजवळ
१३ डिसेंबर

आत्या,

मोठा घोळ झालाय गं. काय करू कळत नाही.

थंडी आणि साबणानं माझे हात फुटलेत. शाळेत मेटेनं, म्हणजे आमच्या बाईंनी (इथं बाईंनाही नावानंच हाक मारतात), विचारलं, हे कशानं? मी आपली फुशारकीनं सांगत सुटले. लाकडं मी फोडते, भांडी मी घासते, इंगेच्या आधी मी उठते, नाताळसाठी सगळं घर धुवायला काढलंय. बोलता बोलता बघते तर बाईंचा चेहरा उतरलेला.

दोन दिवसांत संस्थेची माणसं घरी हजर. त्यांचा नियम आहे, शिकायला आलेल्या मुलीला कुणी मोलकरणीसारखं राबवायचं नाही. मला वेगळं बसवून म्हणाले, घाबरू नकोस, खरं सांग, हे लोक तुझ्याकडून काम करून घेतात का? मी म्हणाले, नाही हो, मीच करते, आमच्याकडची पद्धत आहे. तर ते एकमेकांकडे बघायला लागले. मी भीतीनं लपवतेय असंच वाटलं त्यांना! त्यांनी पप्पांना ईमेल केला. पप्पांनी काय उत्तर द्यावं? 'आमची मुलगी अत्यंत सोशिक आहे, तिला कोणतेही काम सांगा, ती नाही म्हणणार नाही.' झालं! कपाळाला हात लावला मी.

आता जानेवारीत निर्णय. मला दुसऱ्या गावी दुसऱ्या घरी हलवणार म्हणतात, आणि इंगे-लार्सकडे पुन्हा कधीच कुणी मूल ठेवणार नाहीत. इंगे स्वयंपाकघरात बसून रडली, आत्या. मला म्हणाली, 'आमच्या घरात राहायचं तर काही भरून द्यावं लागतं, असं आम्ही तुला कधी वाटू दिलं का? मी रोज नको म्हणत होते. तू ऐकलं का नाहीस?'

इथं नको म्हणजे खरंच नको असतं. एवढी साधी गोष्ट मला इतके महिने कळली नाही. त्यांना वाटायचं, ही पोरगी आपल्याला परकी समजते. आणि मी तर उलट आपलं मानून राबत होते!

मला हे घर सोडायचं नाही. माझ्यामुळं या माणसांना बट्टा लागला तर मी स्वतःला माफ नाही करणार. आत्या, तू काहीतरी लिही. माझ्यावर कुणाचा विश्वास नाही. तुझं मी इंग्रजीत करून सगळ्यांसमोर वाचेन.

प्रवरा


वाडी, राजूर
१५ डिसेंबर

चि. प्रवरा,

आधी डोळे पूस. तुझ्या बापाला फोन करून चार शब्द सुनावले. तो काय म्हनाला ते ऐकू आलं न्हाई, बरंच झालं.

खालचं त्यांना वाचून दाव. एक शब्द गाळू नको, आन पदरची साखर घालू नको.

इंगेबाई, लार्सभाऊ आन संस्थेच्या मंडळींनो, राजूरच्या वाडीवरून मालनबाईचा रामराम.

पोरीला राबायला तुमी लावलं न्हाई. मी लावलं. कागद हाय तिच्याकडं, माझ्या हातचा, मागून घ्या आन वाचा. का लावलं ते बी सांगते. आमच्याकडं भात लावायचा असला की दोन परकारची मानसं शेतात येत्यात. एक मजुरीवाला. तो दिवस भरतो, पैसे घेतो, घरी जातो. दुसरा सावडीवाला. तो पैसे घेत न्हाई. तो घरातलाच असतो. आज तो माझ्याकडं राबतो, उद्या मी त्याच्याकडं. माझे मालक गेले तवा शेतात रोपं वाळत हुती. मी घरात पडून हुते. चौथ्या दिवशी बाहेर आले तर खालचं सारं खाचर हिरवं. कुनी बोलावलं न्हवतं, कुनी इचारलं न्हवतं. सावड म्हंजी ते. परक्याशी कुनी सावड करत न्हाई.

तवा माझी पोर तुमची लाकडं फोडत हुती ती तुमाला परकं समजून न्हवं. तुमाला आपलं समजून. तिला तुमची रीत कळली न्हाई, आन मला तर ठाऊकच न्हवती. तुमी 'नको' म्हनलात ते तिनं आमच्या कानानं ऐकलं. चूक झाली ती एवढीच, आन ती तुमची न्हवं.

ज्या बाईनं बस थांबवून म्हाताऱ्याला घरात पोचवलं, ती कुनाच्या लेकराला राबवनार न्हाई. हे मला इथं बसून कळतं. तुमाला तिथं राहून कळू ने व्हय?

पोरीला त्या घरातून काढू नका. आन इंगेबाई, तुमाला जर वाटत असंल की पोरीनं लई केलं, तर रडू नका. सावड फेडायची सोय हाय. जुलैत आमची आवणी असती. या.

आता हे तुला, प्रवरे. उद्यापासून जरा बूड टेकून बस. त्या लोकांना तुझं करू दे. मी तुला द्यायचं तेवढं शिकवलं, घ्यायचं शिकवायचं राहून गेलं. ते आता तुझं तू शिक.

मालनआत्या


ओडेन्सेजवळ
११ जानेवारी २०२५

आत्या, आत्या, आत्या!

राहिले मी! इथंच राहिले!

परवा सगळे टेबलाभोवती बसले. संस्थेचे दोघं, मेटे, इंगे, लार्स. मी तुझं पत्र वाचलं. मामा गेले त्या ओळीपाशी थांबावंच लागलं. लार्सनं पाणी दिलं. पुढचं वाचलं. वाचून झाल्यावर संस्थेच्या बाई म्हणाल्या, 'ही तुझी आत्या काय करते?' मी म्हणाले, 'भात लावते.' त्या नाक पुसत म्हणाल्या, 'आम्हाला हिचा पत्ता देऊन ठेव.'

अट एकच घातली. घरात तिघं आहोत, तर तिघांत कामाचे वाटे सारखे. इंगेनं कुऱ्हाड लपवून ठेवलीय. कुठं ते सांगत नाही!

आणि तुला खरं सांगू? बसून राहणं फार अवघड आहे. रोज संध्याकाळी इंगे माझ्या हातांना मलम लावते. इतकी बस चालवून दमून आलेली असते, तरी लावते. पहिल्या दिवशी मी हात मागे ओढला. मग तुझं शेवटचं वाक्य आठवलं आणि दिला. त्या दिवसापासून घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. पहिल्यापेक्षाही चांगलं.

आता बातमी ऐक, आणि खाली बसून ऐक. मी जूनअखेर परत येतेय, आणि इंगेनं जुलैची रजा टाकलीय. आवणीला येणार म्हणते! मला वाटलं थट्टा करतेय. तिकीटसुद्धा बघून ठेवलंय. लार्सची कंबर धरते, तो नाही येणार, तुझ्यासाठी घरची काळी पावरोटी पाठवतोय. (दगडासारखी असते. सवय लागली की सुटत नाही.) इंगे रोज मला सावडीचं काय काय विचारते. मी सगळं सांगितलंय, तुझे सगळे नियम.

हातांना मलम लावलेली,
प्रवरा


वाडी, राजूर
१९ जुलै २०२५

चि. प्रवरा,

हे पत्र इंगेच्याच हाती देतेय, आज ती तुमच्याकडं सावेडीला येतीय. तिला वाचता येत न्हाई ते बरं हाय. माझ्यासमोर बसून चहा पितीय आन मी तिच्यादेखत तिचंच लिहितेय. मधीच बघून हसती.

तू तिला आनून सोडलीस आन बारावीच्या कागदांसाठी सावेडीला पळालीस. मी म्हनलं, आता काय करायचं? तिची भाषा मला येत न्हाई, माझी तिला येत न्हाई, वरून मला ऐकू कमी. पन सांगते तुला, आमचं काय बी अडलं न्हाई. मी हात दावायची, ती करायची. पहिल्या दिवशी तिची रोपं अशी वाकडी लागली की रंगनाथ म्हनला, बाईची बस लई वळनं घेतीय. सारी हसली. तिला काय कळलं कुनास ठाऊक, ती बी हसली. पन दुसऱ्या दिवशी तिची ओळ रंगनाथपेक्षा सरळ. खेकड्यानं बोट धरलं तर वरडली न्हाई, सोडवून हळूच बांधावर ठिवला त्याला. सगळ्या बाया तिच्यावर खूश.

आता कालचं सांगते. दुपारी आवणी उरकली. सारी वढ्यावर हातपाय धुवाया गेली. वरच्या खाचरात रंगनाथनं हौसेनं चिखल करून ठिवला हुता, थोडी रोपं बी उरली हुती, पन सगळी दमलेली. मी म्हनलं राहू दे, एवढी सालं पडीक हाय, आजून एक साल.

बघते तर इंगे न्हाई. कुठं गेली? तर ती एकटी वरच्या खाचरात. रोपांच्या जुड्या काखेत, वाकून लावतीय. मी बांधावरून वरडले, 'आगं बाई, राहू दे! राहू दे!' हातानं बी खुनावलं. तिनं मान वर केली. गुडघ्यापर्यंत चिखल, केस सारे तोंडावर. आन मराठीत म्हनाली, 'अर्दा दिवस.'

प्रवरे, मला तेवढं बरोबर ऐकू आलं.

मी तिथंच बांधावर बसले. लई रडले, खोटं कशाला बोलू. तुझे मामा गेले तवा बी मी एवढी रडले न्हवते. मंग उठले, पदर खोचला आन उतरले तिच्या शेजारी. मागून रंगनाथ आला, गोरक्षनाथ आला, धुतलेल्या पायांनी सगळी पुन्ना चिखलात. दिवस मावळताना वरचं खाचर हिरवं झालं.

आता तिनं आपल्यावर अर्धा दिवस चढवून ठिवलाय. मुद्दाम. तूच सांगितलं असशील तिला. तवा आता ठरलं, मी जानार. तुझ्या बापाला म्हनावं, पासपोर्टाला काय काय लागतं ते इचारून ठिव. सातबारा चालत असंल तर हाय माझ्याकडं. तो न्हाई म्हनल, तर म्हनू दे.

इंगेला तुझ्या इंग्रजीत सांग, मी हिवाळ्यात येते, लाकडं तवाच फोडायची असत्यात. ती लपवलेली कुऱ्हाड काढून ठिव म्हनावं. आन मला 'नको, नको' म्हनत बसू नको म्हनावं. तसंबी मला ऐकू येत न्हाई.

तुझी,
मालनआत्या